यादी, मोहोर आणि मखमलीची निगा

“बाबा, गुरुवारपासून आपल्या नावाने परक्या माणसाला एक ओळही पाठवता येणार नाही. माझ्याकडून लिहून घ्या,” थोरलीने छातीठोकपणे सांगितलं.

थोरली म्हणजे पडदेवाल्यांची थोरली सून. ती बोलते ते करून दाखवते अशी तिची घरात ख्याती आहे. मागे एकदा तिने सांगितलं होतं की जिन्याखालचा पाण्याचा पंप यापुढे आवाज करणार नाही, आणि त्या दिवसापासून पंपाने खरोखरच हूं की चूं केलं नाही. पाणीही वर चढवलं नाही, पण तो भाग वेगळा. याही वेळी तिने शब्द पाळला. फक्त गरजेपेक्षा जरा जास्त पाळला, इतकंच.

पडदेवाले रंगमंचाचे पडदे शिवतात. खिडकीचे नव्हेत. कुणी फोनवर खिडकीच्या पडद्यांचं विचारलं की बाबा “राँग नंबर” म्हणून फोन ठेवतात, नंबर अगदी बरोबर असला तरी. खाली कारखाना, मधल्या मजल्यावर ऑफिस, वर घर. कारखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच कटिंग टेबल, कारण अख्खा पडदा पसरायला तेवढी जागा लागतेच. टेबलाच्या एका टोकाला मास्तर कात्री घेऊन उभे, आणि दुसऱ्या टोकाला बाबा, हात मागे बांधून. दोन्ही मुलगे कायम कुठल्या तरी सभागृहात शिडीवर. दोन्ही सुना कॉम्प्युटर इंजिनिअर. ऑर्डरी आणि कारखान्याची यंत्रं थोरलीकडे, बिलं आणि वेबसाइट धाकटीकडे. बाबांच्या डोक्यावर एकही केस नाही आणि सत्तरीतही ते नाकावर माशी बसू देत नाहीत.

प्रकरण सुरू झालं ते मंगळवारी, मोठ्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांच्या फोनने.

“मालक, एक विचारायचं होतं,” व्यवस्थापक म्हणाले. “तुम्ही धंदा बदललात का?”

“म्हणजे?”

“तुमच्याकडून मला रोज मेल येतो. टकलावर केस उगवायच्या औषधाचा.”

बाबांचा हात नकळत डोक्यावर गेला. फोन स्पीकरवर होता आणि मास्तर एकदम खडूने कापडावर रेघा मारू लागले. आखायचं काही नव्हतं.

“आमच्याकडून?” बाबा म्हणाले.

“तुमच्याच नावाने, तुमच्याच पत्त्यावरून. तुम्ही पाठवत नसणार हे मला कळतं. पण आता मुख्य पडद्याचं काम निघालंय. कोटेशन फक्त मेलने घेणार, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. नंतर समिती बसेल. तुमच्या नावाने हे असलं येत राहिलं, तर त्यातलं तुमचं खरं कोटेशन मी ओळखायचं कसं?”

मुख्य पडदा. हे दोन शब्द ऐकून बाबा खुर्चीत बसले. त्या नाट्यगृहाचे विंगांचे पडदे बाबांनी शिवले होते, मागचा काळा पडदा शिवला होता, कलाकारांच्या खोल्यांचे आडपडदेसुद्धा शिवले होते. पण प्रेक्षक ज्याच्याकडे बघत बसतात तो समोरचा मुख्य पडदा कधीच त्यांच्या हाती आला नव्हता. आजवर जेव्हा जेव्हा तो बदलला, तेव्हा काम दुसऱ्याकडे गेलं. असा पडदा एकदा लावला की पुढची वीस वर्षं कोणी तो बदलायचं नाव काढत नाही. आपल्या गुडघ्यांत अजून वीस वर्षं नाहीत, हे बाबांना कोणी सांगायला नको होतं. त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून गर्द लाल मखमलीचा नमुना काढला आणि तो खिशात घालून फिरू लागले.

रात्रीच्या जेवणाआधी दोन्ही सुनांना बोलावणं आलं. त्या वेळचंच थोरलीचं ते सुरुवातीचं वाक्य.

“पण मुळात माझं नाव दुसऱ्याला वापरता येतंच कसं?” बाबांनी विचारलं.

“पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो ना, तसंच,” थोरली म्हणाली. “मेल लिहिणारा सांगेल ते नाव खरं धरायचं, असाच हा कारभार आहे. पण उपाय आहे. आपण जगाला एक यादी जाहीर करायची. आमची पत्रं एवढ्याच यंत्रांतून निघतात, बाकीच्यांनी आमचं नाव सांगितलं तर त्यांना हाकलून द्या. ज्याच्याकडे पत्र जाईल तो यादी बघेल, पत्र कुठल्या यंत्रातून आलं ते बघेल, आणि जुळलं नाही तर कचऱ्यात टाकेल. संपला विषय.”

“संपला कसा?” धाकटी म्हणाली. धाकटी बोलते हळू, पण विषय संपू देत नाही. “ताई, यंत्राला काय विचारायचं? पत्रालाच विचारावं. प्रत्येक पत्रावर आपली मोहोर उठवायची. मजकुराचं एक अक्षर जरी वाटेत बदललं तरी मोहोर मोडते. मोहोर शाबूत असेल तर पत्र आपलं, मग ते कुठल्याही वाटेने येवो.”

“आणि मोहोर लावलेलं पत्र चोराने उचलून गावभर वाटलं तर?”

“आणि तुमचं यादीतल्या यंत्रातून निघालेलं पत्र वाटेत कोणी पुढे धाडलं तर? शेवटचं यंत्र यादीत नाही, म्हणून आपलंच पत्र कचऱ्यात.”

“असं कोण मुद्दाम फिरवून पत्र पाठवतं? आणि वाटेत कोणी अक्षर बदललं तर तुझी मोहोरही मोडणारच की.”

“असं मधेच पत्र कोण बदलतं?”

हे भांडण या दोघींचंच नव्हे. यादीवाले आणि मोहोरवाले यांची जुगलबंदी जगभरच्या इंजिनिअरांत चालत आली आहे, आणि तीही जेवण गार होईपर्यंत. पण इतक्या गोडीने कोणी भांडलं असेल असं वाटत नाही. धाकटीने कागदावर मोहोरेची रचना काढून दाखवली, मोहोर उठवायला एक गुप्त किल्ली आपल्याकडे, ती पडताळायला तिची जोडीदार उघड किल्ली सगळ्यांसाठी टांगलेली, आणि थोरली बोलता बोलता कागदावर वाकली. किती स्वच्छ विचार करते ही मुलगी, असं तिला अगदी मनापासून वाटलं. हे आपल्याला सुचायला हवं होतं, असंही वाटलं. तोंडाने ती म्हणाली, “अक्षर बरं आहे तुझं.”

निवाडा बाबांनी केला. खिशातला मखमलीचा तुकडा चोळत ते म्हणाले, “जड पडद्याला एक शिवण पुरत नाही. दुहेरी घालायची. तुम्ही दोघी दोन्ही लावा. आणि कडक लावा. यादीत नाही तोही बाहेर, मोहोर मोडली तोही बाहेर.”

“येणाऱ्या पत्रांनाही तोच नियम?” थोरलीने विचारलं.

“आपण पाळतो ते लोकांनी पाळायला नको?”

बुधवारी दिवसभर दोघी जावांनी कंबर कसून काम केलं. थोरलीने ऑफिसातलं प्रत्येक यंत्र मोजलं, तपासलं, यादीत घातलं. धाकटीने किल्ल्यांची जोडी घडवली, एक लपवली, एक टांगली. मग दोघींनी मिळून सगळ्या जगाला कळवलं की पडदेवाल्यांचं पत्र यादीत बसत नसेल किंवा मोहोर मोडलेली असेल, तर दयामाया न करता फेकून द्या. चहा घेऊन वर आलेले मास्तर दोघींना कॉम्प्युटरच्या एकाच पडद्यावर डोकं लावून बसलेलं बघून दारातच थबकले. या घरात एका स्वयंपाकघरात दोन बायका इतका वेळ शांत राहिल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं, मग एका कीबोर्डवर तर सोडाच.

गुरुवारी सकाळी थोरलीने मेल उघडला आणि तिचं तिलाच कौतुक वाटलं. एकही भंगार पत्र नाही. लॉटरी नाही, कर्ज नाही, सुटका मागणारी राजकन्या नाही.

“बघा बाबा, लख्ख,” ती म्हणाली.

“कामाची पत्रं?”

थोरलीने पुन्हा बघितलं. कामाचीही नव्हती. कापडवाल्याचं नाही, कड्यांच्या कारखान्याचं नाही. “आज लोक निवांत दिसतात,” ती म्हणाली.

लोक निवांत नव्हते. कापडवाला सकाळपासून पत्रावर पत्र पाठवत होता. पण त्याच्याकडे ना यादी ना मोहोर, त्यामुळे त्याची सगळी पत्रं दारातूनच कचऱ्यात जात होती. बिचारा संध्याकाळी स्वतः कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला, “माझं काही चुकलं का?” त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि त्याची समजूत घालता घालता त्याच्या येण्याचं कारण विचारायचं राहूनच गेलं.

पण दिवसभरात एक मेल मात्र आला. टकलावरच्या औषधाचा.

“हा कसा आला?” धाकटीने विचारलं.

दोघींनी तो उलटापालटा करून बघितला. या वेळी औषधवाल्याने पडदेवाल्यांचं नाव घेतलं नव्हतं. स्वतःचं नाव घेतलं होतं, स्वतःची यादी जाहीर केली होती, स्वतःची मोहोर उठवली होती. यादीत यंत्र बरोबर, मोहोर अखंड, तारीख वेळ सगळं जागच्या जागी. कापडवाल्याच्या तीस वर्षांच्या ओळखीला जे जमलं नव्हतं ते या भामट्याने काल संध्याकाळी बसून केलं होतं.

“काम काय नेटकं आहे,” धाकटी हळूच म्हणाली.

“किल्लीसुद्धा आपल्यापेक्षा लांबलचक घडवलीय, फोडायला कठीण,” थोरली म्हणाली. “मेहनती आहे गं.” तिने तो मेल पुसला नाही. असं नमुनेदार काम रोज बघायला मिळत नाही.

त्याच दुपारी कोटेशन गेलं. थोरलीने त्यात जीव ओतला होता. चुण्या किती पट, घेर किती, खालच्या शिवणीत वजनाची साखळी कशी, आग लागू नये म्हणून कापडावर कुठली प्रक्रिया, सगळं मापासकट. बाबांनी तीनदा वाचलं, एक स्वल्पविराम काढला, मग तोच परत घातला. “पाठव,” ते म्हणाले, आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, जणू पत्र रस्त्याने जाताना दिसणार होतं.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला फोन वाजला.

“मालक, बाकी सगळ्यांची कोटेशनं आली. तुमचं राहिलं.”

बाबांनी थोरलीकडे बघितलं. “काल दुपारीच पाठवलंय,” ती म्हणाली.

“माझ्याकडे नाही. बारापर्यंत बघतो. नियम सगळ्यांना सारखा, मालक, मला वाईट वाटेल.”

फोन बंद झाला. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं. त्यांनी फक्त मखमलीचा तुकडा खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि ते जिना उतरून खाली गेले.

“तुमच्या यादीत काहीतरी राहिलंय,” धाकटी म्हणाली.

“सगळी यंत्रं मी स्वतः घातलीत. तुझी मोहोर कच्ची असेल.”

“कच्ची? ताई, ती मोहोर हत्तीने पाय दिला तरी मोडायची नाही.”

“मग हत्तीपेक्षा मोठं काहीतरी बसलंय तिच्यावर.”

शेवटी धाकटीने नवऱ्याला फोन लावला. तो एका शाळेच्या सभागृहात शिडीवर होता, एका हातात पडद्याची पट्टी धरून.

“अरे, तुला एक मेल पाठवतेय. आला का बघ.”

“मी शिडीवर आहे.”

“मग दुसऱ्या हाताने बघ.”

“दुसऱ्या हातात शिडी आहे.”

थोड्या वेळाने फोनमध्ये काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, “पट्टी पडली. माणूस नाही पडला. मेल आलाय, पण कचऱ्याच्या पेटीत. वर लाल अक्षरांत लिहिलंय की पाठवणारा यादीत नाही आणि मोहोर मोडलेली आहे.”

दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं. दोन्ही मोडलं होतं. इतक्या समसमान अपमानाची दोघींपैकी कोणाचीच तयारी नव्हती.

“वाचा,” थोरली फोन हातात घेत म्हणाली. “अख्खा वाचा, भाऊजी. पहिल्यापासून.”

“‘मेल आला का.’ एवढंच आहे, वहिनी. आणि खाली बाबांची सूचना.”

“कसली सूचना?”

“रोजचीच ती. ‘आजची सूचना: मखमलीवर गरम इस्त्री टेकवू नये, दुरून वाफ द्यावी.’”

धाकटीने आपण पाठवलेला मेल उघडला. त्यात तीन शब्द होते. वाफ नव्हती, इस्त्री नव्हती.

आता, ग्राहक फोनवर “बाबांच्या सूचना फार कामाच्या असतात हो” असं म्हणायचे, हे दोघींनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. बाबा फोनवर भरपूर सल्ले देतात, तेव्हा त्यात नवल काय? आलेल्या उत्तरांच्या पार तळाला ती ओळ दिसतही असणार. पण पत्र तळापर्यंत वाचायची सवय या घरात फक्त बाबांना आहे.

दोघी धडाधडा जिना उतरल्या. बाबा कटिंग टेबलाशी उभे होते.

“बाबा, पत्रांखाली सूचना कोण लिहितं?”

“मी,” बाबा म्हणाले. एवढ्या काळजीतही त्यांचा आवाज जरा ताठ झाला. “रोज सकाळी चहाच्या आधी.”

“कुठे लिहिता?”

बाबांनी बोटाने टेबलाखाली दाखवलं. तिथे मखमलीच्या चिंध्यांच्या ढिगात जुन्या कॉम्प्युटरचं एक पिवळट खोकं गुरगुरत होतं आणि त्याच्यावर मास्तरांचा डावा पाय होता. मास्तर उभ्याने काम करतात, एक पाय विसावायला काहीतरी लागतं. त्या खोक्यावर बाबा सकाळी पत्ते खेळतात, असं थोरली समजत होती. तिथे बाबा जुनी गाणी ऐकतात, अशी धाकटीची समजूत होती. यंत्रं मोजताना थोरलीने त्याला मास्तरांचं स्टूल म्हणून सोडलं होतं.

“ऑफिसातली सगळी पत्रं आधी याच्याकडे येतात,” बाबा म्हणाले. “हे त्यांच्या तळाला सूचना लावतं आणि मग बाहेर सोडतं. तुम्ही दोघी या घरात यायच्या आधीचं आहे. मासिकात एक लेख आला होता, तो वाचून मीच बसवलं.”

दोघी इंजिनिअर चिंध्यांत गुडघे टेकून बसल्या. मास्तरांनी आदबीने पाय काढला. धाकटीने खोक्याला जोडलेला बाबांचा छोटा मॉनिटर पुसला आणि आतल्या नोंदी वरपासून खालपर्यंत वाचत गेली.

“ताई,” ती शेवटी म्हणाली, “हे माझ्या लग्नाआधीपासून एकदाही बंद पडलेलं नाही.”

“वरची मशीन आपण दर महिन्याला नव्याने चालू करतो,” थोरली म्हणाली. तिने बाबांकडे मान वर करून बघितलं. पडदे शिवणारा माणूस, एक मासिक समोर ठेवून, कोणाला न विचारता, असं काम करून ठेवतो आणि त्याची वाच्यताही करत नाही. म्हणजे वाच्यता त्यांनी बरीच केली असणार, कोणी ऐकली नसणार. आपल्याला या घरातलं सगळं माहीत आहे, हा थोरलीचा समज तिथे त्या चिंध्यांत कायमचा गाडला गेला. तिला अभिमानही वाटला, आणि तो तिने बोलूनही दाखवला. “बाबा, हे फार सुंदर आहे.”

“आहेच,” बाबा म्हणाले. “मग घोटाळा काय?”

घोटाळा उघड होता. पत्रावर मोहोर लागायची वर ऑफिसात. मग ते खाली यायचं आणि खोकं त्याच्या तळाला वाफेची सूचना चिकटवायचं. मजकूर बदलला, मोहोर मोडली. मग ते बाहेर पडायचं खोक्यातून, आणि खोकं यादीत नाही. एका दमात थोरलीही खोटी आणि धाकटीही खोटी. मुद्दाम फिरवून पत्र कोण पाठवतं आणि मधेच ते कोण बदलतं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच टेबलाखाली होती.

“खोकं यादीत घाला की,” बाबा म्हणाले.

“घालू, पण जगाने जुनी यादी दिवसभरासाठी पाठ करून ठेवलीय. नवी पोचेपर्यंत बारा वाजून जातील.” थोरलीचा आवाज खाली आला. “आत्ता एकच करता येतं. वरची वायर खोक्याला न लावता सरळ बाहेर जोडायची. पत्र थेट जाईल. पण सूचनेशिवाय जाईल.”

मास्तर खडूकडे बघू लागले.

“माझं पत्र सूचनेशिवाय कधी गेलेलं नाही,” बाबा म्हणाले.

“हो, बाबा.”

बाबांनी खिसा चाचपला. तुकडा वर टेबलावर राहिला होता. मग ते हळूहळू खाली वाकले. गुडघ्यांनी कुरकुर केली ती सगळ्यांना ऐकू आली. थोरली मदतीला पुढे झाली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं आणि स्वतःच्या हाताने वायर ओढून काढली. खोकं गुरगुरायचं थांबलं नाही. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

पुढचं काम दोघींनी असं केलं की बघत राहावं. थोरलीने वायर जोडली, धाकटीने मोहोर तपासली, आधी एक चाचणीचं पत्र शिडीवर गेलं. “आलं,” शिडीवरून निरोप आला, “मुख्य पेटीत आलं. यादी बरोबर, मोहोर बरोबर. आता मी पट्टी उचलू का?” मग कोटेशन गेलं. बाराला अजून अवकाश होता. दोघी जावांनी एकमेकींचे हात धरले, आणि धरलेत हे लक्षात आल्यावरही लगेच सोडले नाहीत.

बारा वाजले. साडेबारा वाजले. फोन वाजला तो बाबांनी पहिल्या रिंगला उचलला.

“मालक,” व्यवस्थापक म्हणाले, “तुमच्या नावाने परत खोटं पत्र आलं बरं का.”

थोरली खुर्चीच्या काठावर बसली.

“या वेळी भलताच हुशार भामटा होता,” व्यवस्थापक सांगत होते. “कोटेशनच पाठवलं, हुबेहूब तुमच्यासारखं. आमचा कॉम्प्युटरसुद्धा फसला. म्हणे यादी बरोबर, मोहोर बरोबर, पत्र शंभर टक्के खरं. पण आम्ही थोडेच फसतोय? तळाला बघितलं, तर सूचना नाही. पडदेवाल्यांचं पत्र आणि सूचना नाही? मी तिथल्या तिथे ते काढून टाकलं.”

“काढून टाकलं,” बाबा म्हणाले.

“हो, निश्चिंत राहा. मग मनात आलं, खोटं आलं म्हणजे खरंही कुठेतरी असणार. कचऱ्याच्या पेटीत हात घातला. तर कालच्या तारखेला तुमचं पत्र तिथे पडलेलं. कॉम्प्युटर त्याला दोन-दोनदा खोटं म्हणत होता. पण खाली सूचना होती. ‘मखमलीवर पाणी सांडलं तर घासू नये, टिपून घ्यावं.’ म्हटलं, हेच आपलं. छापून समितीपुढे ठेवलंय. आणि मालक, आत्ताच समितीच्या अध्यक्षांनी मखमली खुर्चीवर चहा सांडला. आम्ही टिपून घेतला. डाग नाही. सगळ्यांनी बघितलं.”

फोन ठेवून बाबा वर गेले. जाताना त्यांनी टेबलावरचा लाल तुकडा उचलला आणि डोळ्यांना लावला, आणि ते दोघींनी बघितल्याचं दोघींनी दाखवलं नाही. पुढच्या आठवड्यात काम मिळाल्याचं पत्र आलं. ते कापडवाल्याच्या हातून आलं. व्यवस्थापकांच्या नाट्यगृहाकडेही मोहोर नव्हती, त्यामुळे त्यांचा मेल पडदेवाल्यांच्या दारात कचऱ्यात गेला होता, आणि त्यांनी कंटाळून कापडवाल्याबरोबर कागद धाडला.

त्या रात्री नियम बदलला. येणाऱ्या पत्रांना यादी-मोहोर विचारणं बंद झालं. खोकं यादीत आलं. मोहोर आता खोक्यातच लागते, सूचना चिकटल्यानंतर. यादी आणि मोहोर यांपैकी एक जरी जुळली तरी पत्र खरं धरायचं, असं जगाला कळवलं. ते कलम बाबांचं. “घरच्या माणसाला दोघींपैकी एका सुनेने ओळखलं तरी दार उघडायचं,” ते म्हणाले. “दोघी एकदम स्वयंपाकघरात सापडतीलच असं नाही.” यादी श्रेष्ठ की मोहोर, हा वाद मात्र मिटलेला नाही. तो रोज चहाला होतो, आणि दोघींपैकी एक माहेरी गेली तर दुसरीला करमत नाही. मास्तरांना पायासाठी वेगळं स्टूल मिळालं.

पडदा शिवून झाला त्या सुमाराची गोष्ट. एका सकाळी थोरलीने मेल उघडला आणि धाकटीला हाक मारली. औषधवाला परत आला होता. या वेळी त्याने ‘मूळ पडदेवाले’ असं नाव घेतलं होतं. त्या नावाची यादी चोख, मोहोर अखंड. आणि मेलच्या पार तळाला, जागच्या जागी, लिहिलं होतं: ‘आजची सूचना: पडदा घडी करून ठेवू नये, गुंडाळून ठेवावा.’

दोघींनी तोंडात बोटं घातली. त्याने सूचनासुद्धा उचलली होती. आता खरा कोण आणि खोटा कोण हे सांगायला जगात काही उरलं नाही, असं वाटून थोरलीने मेल छापला आणि खाली बाबांसमोर ठेवला.

बाबांनी चष्मा लावला. वाचला. तळापर्यंत वाचला.

“मंगळवारची आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“ही सूचना मंगळवारची. आज शनिवार. आजची कड्यांना तेल घालायची आहे. शिळी सूचना लावलीय त्याने. खोटा आहे.” आणि ते मास्तरांकडे वळले.

यादीला जे जमलं नव्हतं, मोहोरेला जे जमलं नव्हतं, ते चहाच्या आधी लिहिलेल्या एका ओळीने केलं होतं. थोरलीने धाकटीकडे बघितलं. थोरलीने कागद उचलला, चुरगाळला, आणि ती जिन्याकडे निघाली.

“थोरले,” मागून बाबांनी हाक मारली. मास्तर पलीकडे आहेत याची त्यांनी खात्री करून घेतली आणि आवाज अगदी खाली आणला. “तो खोटा आहे, ते ठरलंच. पण काय गं, ते औषध रोज लावायचं म्हणतो की एक दिवसाआड?”